विटेपाशी तीन रात्री

हा लेख मूर्खपणाच्या बाजूने आहे आणि तो मी पूर्ण शुद्धीवर लिहितो आहे. सगळ्याच मूर्खपणाचं वकीलपत्र मी घेतलेलं नाही. माझा मूर्खपणा नेमका सांगता येतो: बाजारात हजार-बाराशे रुपयांना नवा मिळणारा राउटर बंद पडला असताना जुनाच जिवंत करण्यासाठी तीन रात्री देणं. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिला समास मूर्खांच्या लक्षणांना दिला आणि दहावा पढतमूर्खांच्या. त्या लक्षणांत आजच्या काळातली तीन मला मनापासून घालावीशी वाटतात. मेलेल्या ठरवलेल्या यंत्राची नाडी पाहणं हे एक. स्वस्त वस्तूला महाग वेळ देणं हे दुसरं. आणि ज्याने वस्तू बिघडवली त्याला शेजारी बसवून ती दुरुस्त करणं हे तिसरं. ही लक्षणं ज्याच्या अंगी असतील त्याला जग मूर्ख म्हणतं. म्हणू दे. अशी माणसं आणखी हवीत असं मला वाटतं, आणि का वाटतं ते सांगायचं तर मिरजेला ताईच्या घरी जावं लागेल.

माझा भाचा आठवीत आहे. एका संध्याकाळी त्याने राउटरचं पान उघडलं, तिथे नवीन फर्मवेअर, म्हणजे राउटरचं आतलं सॉफ्टवेअर, चढवायची सोय दिसली, त्याने कंपनीच्या संकेतस्थळावरून बरोबर मॉडेलची, बरोबर आवृत्तीची फाइल उतरवून घेतली आणि बटण दाबलं. त्याने सगळं नीट केलं होतं, हे मी पुढे तपासून पाहिलं. पट्टी अर्ध्यावर आली आणि वीज गेली. वीज परत आली तेव्हा राउटरवर एकच दिवा लागला, तोही न लुकलुकता. वायफायचं नाव गायब. केबल लावली तरी पत्ता मिळेना. दुसऱ्या दिवशी ताई तो घेऊन दुकानात गेली. दुकानदार भला माणूस. त्याने पैसे घेतले नाहीत. दोनदा बटण दाबून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, हा गेला. वीट झाली याची. यात वेळ घालवू नका, नवीन घ्या."

रात्री भाच्याचा फोन आला. तो एवढंच म्हणाला, "मामा, मी राउटर मारला."

नवा राउटर मी त्याच रात्री मागवू शकलो असतो. हिशेब दुकानदाराच्या बाजूने होता आणि आजही आहे. माझ्या एका रात्रीची मजुरी लावली तरी तो डबा दोनदा विकत घेता येईल. पण तेरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात "मी मारला" हे वाक्य बसलं होतं आणि नवा डबा आणून ते निघालं नसतं. उलट पक्कं झालं असतं: मेलं म्हणून तर नवीन आणलं. मी म्हणालो, "शनिवारी येतो. तोवर कुणालाही तो फेकू देऊ नकोस."

आधी तो मेला कसा हे समजून घेऊ, कारण त्यातच तो मेला नव्हता याचं उत्तर आहे. अशा राउटरच्या पोटात आठ पायांची एक छोटी फ्लॅश चिप असते. ताईच्या राउटरमध्ये ती ४ एमबीची होती. आजच्या मोबाइलच्या एका फोटोलाही एवढी जागा कधीकधी कमी पडते. त्या ४ एमबीत राउटरचं सगळं शहाणपण राहतं: लिनक्सचं मूळ, वायफाय चालवणारा भाग, पासवर्डचं पान, सगळं. फ्लॅशवर लिहिण्याची रीत पाटीसारखी आहे. आधी पुसायचं, मग लिहायचं, आणि पुसायचं तेही अक्षर-अक्षर नाही. ६४ केबीचा ठोकळाच्या ठोकळा. पुसलेल्या ठोकळ्यात सगळे एक असतात आणि लिहिणं म्हणजे त्यातल्या काही एकांचे शून्य करणं. पुसून झालं आहे, लिहायचं आहे, अशा क्षणी वीज गेली की तिथे कोरे एक उरतात. पुढच्या वेळी राउटर सुरू होतो, आपलंच मन वाचायला जातो आणि त्याला पांढरं पान लागतं.

पण सगळं पुसलं जात नाही. चिपच्या सुरुवातीचे १२८ केबी वेगळे राखलेले असतात. तिथे बूटलोडर नावाचा छोटा कार्यक्रम राहतो. वीज आली की तो सर्वांत आधी उठतो, बाकीच्यांना उठवतो आणि बाजूला होतो. राउटरच्या पानावरून कंपनीची नेहमीची फाइल चढवताना त्याच्या खोलीला सहसा कुणी हात लावत नाही. म्हणजे भाच्याने घराची माडी पाडली असेल, उंबरा शाबूत होता. उंबऱ्यावर राखण करणाराही जागा होता. तो रोज वीज आली की उठत होता, आत हाक मारत होता, आणि आतून ओ येत नव्हती.

या अवस्थेला जगभर वीटच म्हणतात. इंग्रजीत तो शब्द निरुपयोगी, जड, दार उघडं राहावं म्हणून टेकवायच्या कामाची वस्तू या अर्थाने येतो. दुकानदारानेही तोच अर्थ उचलला. मराठीत मात्र वीट हा शब्द इतक्या सहज टाकून देता येत नाही. एखाद्या गोष्टीचा वीट येतो हे खरं. तो शब्द वेगळा, पण कानाला तोच. आणि ज्या विटेवर विठ्ठल उभा आहे, ती वीट पुंडलिकाने फेकली ती कशासाठी? आईवडिलांची सेवा चालू होती, हात मोकळा नव्हता, म्हणून देवाला म्हणाला, यावर उभा राहा, काम झालं की येतो. मिरजेहून पंढरपूर लांब नाही, आमच्याकडे ही गोष्ट कुणाला सांगावी लागत नाही. वीट ही थांबायची जागा आहे. वीट झालेला राउटर थांबलेला असतो. कुणासाठी, ते दुसऱ्या रात्री कळलं.

पहिली रात्र वाया गेली. तिच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. या जातीच्या बऱ्याच राउटरांत एक सोय असते: रीसेटचं बटण दाबून धरून वीज चालू केली, तर बूटलोडर शेजारच्या संगणकाकडे नवी फाइल मागतो. संगणकाला ठराविक पत्ता द्यायचा, १९२.१६८.०.६६, आणि ठराविक नावाची फाइल तयार ठेवायची. आम्ही लॅपटॉप आणि राउटर एका केबलने जोडले, पत्ता दिला, फाइल ठेवली. भाच्याने टाचणीने बटण धरलं, मी वीज चालू केली. काही नाही. पंधरा-वीस वेळा केलं. फायरवॉल बंद केली, केबल बदलली, बटण पाच सेकंद धरलं, दहा धरलं. एका वाजता ताई उठून आली आणि म्हणाली, "अरे, झोपा आता, उद्या त्याला डीमार्टातून नवीन आणते." आम्ही झोपलो. भाचा झोपला नसावा. सकाळी त्याचे डोळे तसे होते.

रविवारी दुपारी त्याने विचारलं की फाइल मागायची ही युक्ती पहिल्यांदा कुणाला सुचली. मला हा प्रश्न फार आवडला, कारण त्याचं उत्तर म्हणजे मूर्खपणाचा खरा इतिहास आहे.

डिसेंबर २००२ मध्ये लिंकसिस कंपनीने डब्ल्यूआरटी५४जी नावाचा राउटर बाजारात आणला. निळा-काळा डबा, मागे दोन अँटेना. पुढच्या वर्षी सिस्कोने लिंकसिस सुमारे ५० कोटी डॉलरला विकत घेतली. त्याच वर्षी काही लोकांनी त्या राउटरचं फर्मवेअर उघडून पाहिलं. घरगुती डब्याच्या पोटात काय आहे हे पाहत बसणं, हे कामधंदा असलेल्या माणसाचं लक्षण नव्हे. पण त्यांनी पाहिलं आणि आत लिनक्स सापडलं. लिनक्सचा परवाना असा आहे की ते वापरून वस्तू विकली तर त्या भागाचा स्रोत मागणाऱ्याला द्यावा लागतो. मागणी झाली, रेटा लागला आणि २००३ मध्येच कंपनीने स्रोत खुला केला. जानेवारी २००४ मध्ये त्यावर ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. नावातलं डब्ल्यूआरटी त्याच निळ्या डब्याचं. आज शेकडो जातींच्या राउटरांवर ही प्रणाली चालते आणि मूळ डब्याचं नाव अजून तिच्या कपाळावर आहे. परवान्याचा वाद मात्र तिथे मिटला नाही. डिसेंबर २००८ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने सिस्कोवर दावा लावला आणि मे २००९ मध्ये समझोता झाला.

त्या सुरुवातीच्या दिवसांत लोक काय करत, ते मी भाच्याला सांगितलं. त्या निळ्या डब्याच्या बूटलोडरसाठी 'बूट वेट' नावाची एक नोंद होती. ती चालू असली, तर राउटर उठताना काही सेकंद थांबून पाहतो की कुणी नवी फाइल पाठवतंय का. ती मुळात बंद असे. चालू करायची तर आत शिरायला हवं, आणि आत शिरायला दार नव्हतं. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं की राउटरच्या पानावर पिंग करून पाहण्याची एक चौकट आहे आणि तिच्यात पत्त्याऐवजी हुकूम लिहिला तर राउटर तो मुकाट्याने पाळतो. ही सुरक्षेतली चूकच होती, कंपनीने पुढे बुजवली. पण आपल्याच घराची किल्ली हरवलेल्या लोकांनी त्या फटीतून हात घालून आतली कडी काढली आणि 'बूट वेट' चालू करून घेतलं. ज्यांचा राउटर त्याआधीच वीट झाला होता, ते त्याहून पुढे गेले. झाकण उघडून, वीज चालू करताना फ्लॅश चिपच्या १५ आणि १६ क्रमांकाच्या पायांवर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं. त्याने चिपचं वाचन चुकतं, बूटलोडरला वाटतं की आतला माल खराब आहे आणि तो फाइलची वाट पाहू लागतो. मेलेल्याला आणखी जरा मारून जागं करायचं, असा हा उपाय. कित्येक डबे त्याने परत आले, काही कायमचे गेले.

'३०-३०-३०' म्हणून एक विधीही पुढे रूढ झाला: रीसेटचं बटण तीस सेकंद दाबून ठेवायचं, न सोडता वीज काढून तीस सेकंद, वीज लावून आणखी तीस. व्रतासारखं दीड मिनिट. ज्या जुन्या राउटरांसाठी ते होतं, त्यांच्या साठवलेल्या नोंदी त्याने पुसल्या जात. सगळ्या जातींना ते लागू नाही आणि काहींना अपायही होतो. मला त्यातली चिकाटी पटते, आंधळेपणा पटत नाही. कोणत्या यंत्राला काय लागू पडतं हे वाचून मगच बटण धरावं.

२००५ च्या अखेरीला त्या राउटरच्या पाचव्या आवृत्तीत कंपनीने मेमरी अर्धी केली, फ्लॅश २ एमबीवर आणली आणि लिनक्स काढून दुसरी प्रणाली बसवली. धंद्याच्या हिशेबाने ते बरोबरच होतं. घेणाऱ्याला वायफाय मिळण्याशी कारण. पण लिनक्सवाला डबा हवा म्हणणारे इतके निघाले की तो डब्ल्यूआरटी५४जीएल नावाने वेगळा विकावा लागला. आणि पुढे काही जणांनी त्या अर्ध्या जागेतही लिनक्सची छोटी आवृत्ती बसवून दाखवली. बर्लिनमध्ये फ्रायफुंक नावाच्या गटाच्या कार्यकर्त्यांनी असेच डबे गच्च्यांवर आणि खिडक्यांत लावून शेजाऱ्या-शेजाऱ्यांचं जाळं विणलं. हे सगळं ज्यांनी केलं त्यांना प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी सांगितलं असणार की यात वेळ घालवू नका. त्यांनी घातला. आपण आज रीसेटचं बटण धरून फाइलची वाट पाहणारा राउटर गृहीत धरतो, त्याच्या मागे अशी माणसंही आहेत.

दुसऱ्या रात्री आमचं नशीब एका साध्या स्विचने बदललं. मला दुपारी बोलता-बोलता उमगलं होतं की लॅपटॉप थेट राउटरला जोडला, तर राउटरची वीज चालू होईपर्यंत लॅपटॉपला वाटतं की केबलच नाही. मग वीज येते, लॅपटॉपचं कार्ड जागं व्हायला क्षणभर घेतं आणि तेवढ्यात राउटर विचारून थकतो. दोघांच्या मध्ये पाच तोंडांचा साधा स्विच ठेवला, म्हणजे लॅपटॉपची बाजू कायम जागी राहते. ताईच्या माळ्यावर तसा एक सापडला. आणि मी वायरशार्क चालू केलं, म्हणजे तारेवरून जे जाईल ते पडद्यावर दिसावं.

भाच्याने टाचणी धरली. मी वीज दिली. पडद्यावर एक ओळ उमटली. मराठीत सांगायचं तर ती अशी होती: १९२.१६८.०.६६ कोण आहे? १९२.१६८.०.८६ ला सांगा.

संगणक एकमेकांना शोधतात ती ही रीत. १९८२ साली ठरली आणि आजही प्रत्येक घरातल्या तारेवर दिवसात शेकडो वेळा हाच प्रश्न जातो. त्यात विशेष काही नाही. पण इथे तो प्रश्न कोण विचारत होतं? दुकानदाराने गेला म्हणून सांगितलेला, ताईने पिशवीत घालून दाराजवळ ठेवलेला डबा. पहिल्या रात्री पंधरा-वीस वेळा त्याने हेच विचारलं होतं आणि आम्हाला ऐकू आलं नव्हतं. दोष त्याच्या आवाजात नव्हता.

भाचा पडद्याकडे बघत म्हणाला, "म्हणजे तो जिवंत आहे?"

"उंबऱ्यावर आहे," मी म्हणालो.

त्या रात्री तो पुरता आला नाही. त्याने नाव घेऊन फाइल मागितली, आम्ही दिली, त्याने ती घेतली, दिवे लुकलुकले, तो स्वतःहून पुन्हा सुरू झाला आणि पुन्हा एकाच दिव्यावर थिजला. चूक माझी होती आणि ती मला सोमवारी ऑफिसात सुचली. कंपनीच्या काही फाइलींच्या नावात 'बूट' असा शब्द असतो. त्याचा अर्थ, या फाइलीत बूटलोडरची प्रतही आहे. राउटरच्या पानावरून चढवली तर पान ती प्रत नीट ओळखतं. बूटलोडरकडून चढवली तर तो बिचारा आली तशी लिहितो आणि सगळं सामान १२८ केबीहून थोडं जास्तच पुढे सरकून बसतं. त्यासाठी फाइलीच्या डोक्यावरचा भाग कापायचा असतो: ५१२ बाइटचे २५७ तुकडे, म्हणजे १,३१,५८४ बाइट. उरतात नेमके ३९,३२,१६०. मी रजा टाकली आणि मंगळवारी पुन्हा मिरज गाठलं. राउटरसाठी रजा टाकली असं मी ऑफिसात सांगितलं. खोटं कारण द्यावंसं वाटलं नाही.

तिसऱ्या रात्री मला नुसता तो जागा करायचा नव्हता. भाच्याला त्याचं बोलणं ऐकवायचं होतं. म्हणून झाकण उघडलं. बोर्डावर एका कडेला चार छिद्रांची रांग असते, तिला कारखान्यात पिना लावलेल्या नसतात. तिथे सिरियलची तोंडं असतात: एक जमीन, एक बोलण्याचं, एक ऐकण्याचं आणि एक ३.३ व्होल्टचं. चौथ्याला हात लावायचा नाही. पहिल्या तिघांना तारा झाळायच्या. राउटरचं बोलणं आपल्या ऐकण्याला आणि त्याचं ऐकणं आपल्या बोलण्याला, अशी अदलाबदल करून. यूएसबीला लावायचा छोटा अडॅप्टर ३.३ व्होल्टचाच हवा, पाच व्होल्टचा लावला तर चिपला इजा होते. झाळण भाच्याने धरलं, झाळायची सळी मी. त्याचा हात थरथरत नव्हता, माझा जरा थरथरत होता.

वेग ११५२०० ठेवला, वीज दिली आणि पडद्यावर अक्षरं धावू लागली. बूटलोडरचं नाव आलं: यू-बूट. व्होल्फगांग डेंक या जर्मन अभियंत्याने वाढवलेला हा कार्यक्रम. नावात १९८१ च्या पाणबुडीच्या जर्मन चित्रपटाची आठवण आहे. त्याने आपली मेमरी मोजून सांगितली, फ्लॅश ४ एमबी आहे असं सांगितलं, एका सेकंदात आत हाक मारतो असं सांगितलं, हाक मारली, आत काही धड नाही असं सांगितलं आणि थांबला. गेला आठवडाभर रोज तो हेच सांगत होता. भाच्याने ते सगळं मोठ्याने वाचलं.

ज्या एका सेकंदात तो हाक मारणार असतो, त्याच सेकंदात तीन अक्षरांचा परवलीचा शब्द टाइप केला तर तो थांबतो आणि तुमचं ऐकू लागतो. भाच्याला सातव्यांदा जमलं. मग आम्ही त्याला फाइल आणायला सांगितली.

ज्या भाषेत तो फाइल मागतो तिचं नाव टीएफटीपी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ती लेखी स्वरूपात आहे, १९९२ मध्ये सुधारून पक्की झाली, आणि तिच्या नावातलं पहिलंच अक्षर 'क्षुल्लक' या अर्थाच्या शब्दाचं आहे. तिला पासवर्ड नाही, यादी दाखवणं नाही. ५१२ बाइटचा एक तुकडा द्यायचा, समोरच्याने मिळाला म्हणायचं, मगच पुढचा द्यायचा. मध्ये एक हरवला तर तोच पुन्हा. इतकी साधी आहे म्हणूनच १२८ केबीच्या खोलीत मावते. मोठ्या, वेगवान, सुरक्षित भाषा त्या उंबऱ्यावर सहसा उभ्या राहत नाहीत. माडी कोसळल्यावर क्षुल्लक म्हणवणारीच तेवढी उरते, आणि मला तिच्याबद्दल आदर आहे.

पडद्यावर एकेक # उमटू लागला. दर दहा तुकड्यांमागे एक. मध्येच एकदा टी असं अक्षर आलं: तुकडा वेळेत पोचला नाही. भाच्याने श्वास धरला. मग पुन्हा # सुरू झाले. एका ओळीत पासष्ट. त्याने वहीवर हिशेब मांडला: ३९,३२,१६० भागिले ५१२ म्हणजे ७,६८०. बाकी शून्य. "मामा, मग त्याला कळणार कसं की संपलं?"

आठवीतल्या मुलाने विचारलेला याहून चांगला प्रश्न मी ऐकलेला नाही. टीएफटीपीत शेवट ओळखण्याची खूण अशी आहे की शेवटचा तुकडा ५१२ हून लहान असतो. फाइल बरोबर ५१२ च्या पटीत असेल तर लहान तुकडा उरतच नाही. म्हणून पाठवणारा शेवटी एक रिकामा तुकडा पाठवतो. त्यात एकही बाइट नसतो. मिळाला, असं त्याचंही उत्तर येतं आणि मगच दोघं मोकळे होतात. ७,६८० भरलेले आणि एक रिकामा. बारावी ओळ अर्ध्याच्या पुढे जाऊन थांबली.

फाइल आता राउटरच्या मेमरीत होती, फ्लॅशवर नव्हती. पुढचे दोन हुकूम धोक्याचे. पहिला पुसण्याचा, दुसरा लिहिण्याचा. पुसण्याच्या पत्त्यात एका जागी दोनाऐवजी शून्य पडलं तर उंबराच पुसला जातो, आणि मग विचारायलाही कुणी उरत नाही. चिपला चिमटा लावून बाहेरून लिहावं लागतं. आणि अगदी शेवटच्या ६४ केबीत त्या एका नगाच्या रेडिओची मोजमापं असतात, कारखान्यात तपासून लिहिलेली. प्रत्येक डब्याची वेगळी. ती पुसली तर राउटर उठेल, पण त्याचा सूर कायमचा बिघडेल. मी पत्ता वाचला, भाच्याने टाइप केला. मग त्याने वाचला, मी पडताळला. एंटरवर बोट ठेवून तो थांबला.

"आता लाइट गेली तर?"

हीच जागा होती. गेल्या वेळी याच दोन पावलांच्या मध्ये त्याच्यावर वीज गेली होती. मी त्याला टेबलाखाली दाखवलं. राउटर, स्विच, लॅपटॉप, तिन्ही इन्व्हर्टरच्या तोंडाला लावलेले होते. "गेली तर काही होत नाही," मी म्हणालो, "आणि इन्व्हर्टरही गेला तर पुन्हा पहिल्यापासून. उंबरा आहे." त्याने एंटर दाबलं. पुसल्याचे ठिपके धावले. दुसरा हुकूम. एक-दोन मिनिटं काहीच हललं नाही आणि आम्ही दोघंही बोललो नाही.

मला हे माहीत आहे की हा राउटर फार काळ चालवण्यासारखा नाही. ओपनडब्ल्यूआरटीने ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी मेमरीच्या डब्यांना निरोप दिला आहे, नव्या आवृत्त्या त्यांत मावत नाहीत. जुनं फर्मवेअर म्हणजे उघडी खिडकी हेही खरं. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचा घातकी कार्यक्रम जगभरात लाखो राउटरांत शिरलेला आढळला होता. आज ना उद्या ताईकडे नवा येईल आणि हा एखाद्या अडगळीच्या कामाला लागेल, मग कधीतरी रीतसर भंगारात जाईल. २०२२ या एका वर्षात जगाने ६ कोटी २० लाख टन ई-कचरा केला आणि त्यातल्या चौथाईपेक्षाही कमी कचऱ्याचा योग्य पुनर्वापर झाल्याची नोंद आहे. माझा पाव किलोचा डबा त्या ढिगाला एक-दोन वर्षं उशिरा मिळाला, तर ढीग कमी होत नाही. मी ढिगासाठी रजा टाकली नव्हती. त्या डब्याने मुलाच्या तोंडून "मी मारला" असं वदवलं होतं आणि ते खोटं होतं. त्याचं खोटेपण त्या डब्यालाच सांगावं लागणार होतं, दुसरं कुणी सांगून मुलाला पटलं नसतं. त्याला दहा मिनिटं पुरली असती तर दहा दिली असती. तीन रात्री लागल्या, तीन दिल्या.

लिहिणं संपलं. आम्ही वीज काढून पुन्हा लावली. यू-बूटने मेमरी मोजली, फ्लॅश मोजली, सेकंदभर थांबला, हाक मारली. या वेळी आतून ओ आली. अक्षरांचा लोंढा सुरू झाला, इतका वेगाने की वाचता येईना. मग एकेक दिवा. मग वायफायचा. भाच्याच्या फोनवर राउटरचं मूळ, कारखान्यातलं नाव दिसलं. त्याने ते बदललं नाही, तसाच जोडला.

ताई दारात उभी होती. "आलं का रे नेट?"

"आलं," तो म्हणाला.

ती परत आत गेली, कारण सकाळी लवकर उठायचं होतं. भाच्याने झाकण बसवलं, पण तीन तारा काढू दिल्या नाहीत. हवा जायच्या खाचेतून त्या बाहेर काढून डब्याच्या पाठीला चिकटपट्टीने लावून ठेवल्या. मग मार्कर आणला, राउटर उलटा केला आणि कंपनीच्या लेबलाच्या खाली, मोकळ्या जागेत, सावकाश लिहिलं: १९२.१६८.०.६६.